तीन डिस्क आणि तीन कुलपं

माझ्यावर पाणीचोरीचा आळ आला त्या क्षणी मी पाणी पीत होतो, हा निव्वळ योगायोग होता. पण सोसायटीच्या सभेत योगायोगाला किंमत नसते. द्वारकाबाईंनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं, रामकिसन काकांनी द्वारकाबाईंकडे पाहिलं, आणि घोट गिळावा की परत तांब्यात सोडावा या विचारात मला ठसका लागला. ठसका लागलेला माणूस निर्दोष दिसत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आम्ही मराठवाड्यात, शहराच्या टोकाला, बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात, ‘नीलसरोवर’ नावाच्या इमारतीत राहत होतो. नाव बिल्डरनं ठेवलेलं. आसपास सरोवर नव्हतं. निळं काही असेल तर ते प्लास्टिकचे ड्रम. शेजारी सारख्या नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पाट्यांवर निर्झर, तुषार असलं काहीतरी लिहिलेलं असायचं. नळ सगळ्यांकडे होता. नळाला पाणी येण्याची योजना होती, योजनेला मंजुरी होती आणि मंजुरीला स्थगिती होती.

तेव्हा पाणी टँकरचं. ते हौदातून मोटारीनं गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचं, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास घरोघरी सोडायचं, बाकी वेळ वॉल बंद. वॉल फिरवायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. तरीही दुपारभर बंद असलेल्या टाकीत संध्याकाळी तळ दिसायला लागला. आता गच्चीचा जिना सुरू होतो तो माझ्या दारापासून. वॉल माझ्या हातात. त्यात भर म्हणजे सबंध इमारतीत हिरवं असं एकच होतं, ते म्हणजे आमच्या बाल्कनीतला मोगरा. कालिंदी, माझी बायको, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर तो जगवते, असं मी भर सभेत सांगितलं.

“एवढा भात कोण खातंय वो तुमच्या घरी?” द्वारकाबाईंनी विचारलं.

मी, श्रीनिवास वालूरकर, एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे. लाखेचं सील पाहिलं की माझे हात आपोआप जुळतात. प्रश्नपत्रिका ज्याच्या कपाटात निर्धास्त झोपतात त्या माणसावर बादलीभर पाण्याचा आळ! मला फार लागलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “गच्चीवर कॅमेरा बसवा. जो कोणी आहे तो दिसू द्या.” अपमान झालेल्या माणसानं तोंड उघडू नये, लगेच समिती नेमली जाते. माझी नेमली गेली. समितीत मी एकटाच होतो.

कॅमेरा घेणं सोपं. अध्यक्ष इंद्रजीत साळवे यांनी पुढचा प्रश्न काढला. साळवेसाहेब वाळूजला गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहेत. जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी नादुरुस्त होणार, या श्रद्धेवर त्यांचा पगार चालतो. “चित्रण साठवणार कुठं?” ते म्हणाले. “एका डिस्कवर? आणि ती डिस्क बसली की पुरावा बसला. वालूरकर, ज्या दिवशी चोर सापडेल नेमकी त्याच दिवशी डिस्क जाईल, लिहून ठेवा. आणि मग लोक तुमचंच नाव घेतील.”

हे मात्र खरं होतं. माझी अब्रू ज्यावर साठवली जाणार होती ती वस्तू मोडकी असून चालणार नव्हती. मी अभ्यासाला लागलो. यूट्यूबवर एक चष्मेवाला गृहस्थ डिस्का एकत्र जोडायच्या ‘रेड’ नावाच्या रचना समजावून सांगायचा. आठवडाभरात तो मला घरच्यासारखा वाटू लागला आणि मी कालिंदीला अनोळखी वाटू लागलो. माझ्यासमोरची आमटी साय धरेपर्यंत गार व्हायची आणि मी म्हणायचो, “पॅरिटी, कालिंदी, पॅरिटी!” ती म्हणायची, “आधी जेवा.”

शेवटी पैठण गेटजवळच्या नईमभाईंच्या दुकानात गेलो. नईमभाईंनी माझं ज्ञान शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, “सर, वो सब छोडो. टाकी समझो. दो टाकी है. हर बादली का आधा पानी इसमें, आधा उसमें. भरता फटाफट, मगर एक टाकी फूटी के पूरा खेल खतम. ये हुआ रेड शून्य. वो नक्को लेओ. अब दोनों में एकदम सेम पानी रखो, तो एक फूटी तो दूसरी है. ये रेड एक. मगर टाक्या दो और पानी एकीच का.”

“आणि पाच?”

“पांच के वास्ते कम से कम तीन टाक्या. तीनों में थोडा थोडा पानी, और साथ में हिसाब. कोई भी एक फूटने दो, बाकी की दोनों हिसाब करके उसका पानी वापस निकाल के देते.” ते जरा थांबले. “मगर दो फूटे, तो फिर अपन दोनों बैठ के फातेहा पढेंगे.”

पाण्याच्या भाषेत सांगितलेलं समजू नये अशी त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सोयच नव्हती. मी हीच टाक्यांची गोष्ट सभेत सांगितली आणि चूक केली, कारण मग सगळ्यांनाच मत आलं.

रामकिसन काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “फुटलेल्या टाकीचं पाणी दुसऱ्या दोन टाक्या कशा देतील? आमच्या खात्यात असं झालं असतं तर चौकशी लागली असती.” द्वारकाबाईंना आकडे पसंत नव्हते. “शून्य काय, पाच काय, दहा काय! शगुनाचा आकडा एकानं संपतो. अकरा नाय का त्या मुसलमानाकडं? नायतर एकवीस?” मी म्हणालो, एक आहे. त्यावर त्या खूश झाल्या आणि रेड एकच्या बाजूनं घरोघरी फिरल्या. दोन डिस्क, दोन्हींवर तेच, एक ए विंगची, एक बी विंगची. जमलं असं वाटत होतं, तेवढ्यात बी विंगमधून कोणीतरी विचारलं की, दोन्हींवर सारखंच असेल तर त्यातली नक्कल कोणती?

झालं. बी विंग नक्कल घ्यायला तयार नव्हती. ए विंगनं सांगितलं, अस्सल आमच्याकडेच राहील, कारण आमच्याकडे लिफ्ट आहे. दोन्ही एकाच वेळी लिहिल्या जातात, थोरली-धाकटी असं काही नसतं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पाणी मागायची मात्र हिंमत झाली नाही. “काहीतरी अर्ध्या सेकंदाचा तरी फरक असंलच की,” असं म्हणून बी विंग उठून गेली.

त्यामुळे रेड पाच मंजूर झालं, तेही एकमतानं. त्यात कोणाकडेच पूर्ण काही नसतं, प्रत्येकाकडे थोडं थोडं असतं आणि दुसऱ्यावाचून कोणाचंच चालत नाही. लग्नसंस्थेपासून सोसायटीपर्यंत हीच पद्धत आहे, पण तिला नाव आहे हे मला माहीत नव्हतं.

आता उरला प्रश्न डिस्कांची पेटी ठेवायची कुठे. माझ्या घरी ठेवायला सभेचा विरोध होता. “ज्याच्यावर संशय त्याच्याच घरात पुरावा?” असं रामकिसन काका म्हणाले आणि वर “तुम्हाला उद्देशून नाही हं” असंही म्हणाले. ती तळमजल्यावर मीटरच्या खोलीत, लोखंडी कपाटात ठेवायची ठरली. मग काकांना त्यांच्या गावच्या देवस्थानाची दानपेटी आठवली. तिला तीन कुलपं असतात आणि तीन विश्वस्तांकडे तीन किल्ल्या. तिघं समोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. कल्पना मांडताक्षणी सगळी सभा अशी काही उजळली की मला आश्चर्य वाटलं. डिस्क तीन, म्हणून कुलपंही तीन. एक किल्ली साळवेसाहेबांकडे, एक रामकिसन काकांकडे आणि तिसरी द्वारकाबाईंकडे, कारण त्यांचं कोणाशीच पटत नाही म्हणून त्या तटस्थ.

चष्मेवाल्या गृहस्थांनी हवा खेळती ठेवायला सांगितलं होतं. मी तसं म्हणालो. साळवेसाहेबांनाही पटत होतं. पण कपाटाला भोकं पाडली तर भोकातून कोणीतरी काहीतरी करील, अशी शंका निघाली आणि कोणीतरी म्हणजे कोण हे कोणी बोललं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. कुलपं लागली. द्वारकाबाईंनी कपाटाला हळदकुंकू लावलं. गच्चीवर कॅमेरा डोळा वटारून बसला. त्याची जागा मीच ठरवली होती, दोन्ही टाक्या आणि त्यांच्या बुडाशी असलेले सफाईचे नळ नीट दिसतील अशी. मी रोज संध्याकाळी टाक्यांचा तळ पाहायचो आणि मनात म्हणायचो, जा बाबांनो, आज काय न्यायचं ते न्या, कपाटात सगळं लिहिलं जातंय.

असे काही दिवस छान गेले. मग मे महिना चढला. मीटरच्या खोलीला पश्चिमेची भिंत आहे. बंद लोखंडी कपाट, तेही पश्चिमेचं, तेही मे महिन्यात आणि तेही मराठवाड्यात. त्यात आपण तीन डिस्क ठेवल्या आहेत की तीन खापरावरचे मांडे, हा प्रश्न माझ्याशिवाय कोणाला पडला नव्हता.

एके दिवशी दुपारी कपाट ओरडायला लागलं.

टीं, टीं, टीं. थांबून पुन्हा टीं, टीं, टीं. एक डिस्क गेल्याची ती खूण होती. मला ऐकल्याबरोबर कळलं. एक गेली तरी चालतं. पण ज्या उकाड्यानं पहिलीला मारलं तो उकाडा कपाटातच होता, आणि आता दुसरी गेली की चोर गेला, पुरावा गेला, मी जन्मभराचा पाणीचोर. मी किल्ल्या गोळा करायला धावलो. साळवेसाहेबांच्या पत्नी रत्नमालाताईंनी किल्ली काढून दिली, पण “साहेब शिफ्टवरून येईपर्यंत लावू नका हं, नियम आहे” म्हणाल्या. द्वारकाबाईंनी देवघरातून किल्ली आणली. रामकिसन काका भाचीच्या लग्नाला अजिंठ्याला गेले होते आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली होती.

फोन लावला. मागं बँड वाजत होता. “काका, कपाट ओरडतंय!”

“ओरडू द्या! लग्नाचे देव बसलेत इथं, दोन दिवस हलता येत नाही. मी आलो की बघू. किल्ली पाठवता येत नाही, विश्वासाचा प्रश्न आहे.”

कुलूप तोडावं तर त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि सभेला सात दिवसांची नोटीस. मग मी घरचा टेबलफॅन आणला, वायर ओढून तो कपाटापुढं लावला, आणि एक गोणपाट ओलं करून कपाटावर टाकलं. आंघोळीचं माझ्या वाटणीचं पाणी होतं ते. त्या दिवसांत मी आंघोळ केली नाही, हे कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं तरी कळेल. तरीही द्वारकाबाई दारात उभ्या राहिल्या.

“बघा गं बाई! मानसाला प्यायला पानी नाय अन् ह्ये कपाटाला आंघोळ घालून राहिलेत! लई पानी आहे तुमच्याकडं, व्हय?”

गोणपाट वाळायचं, मी ते पुन्हा भिजवायचो. कपाट ओरडतच होतं. सगळ्या इमारतीची दुपारची झोप उडाली. झोप उडाली की माणसं कशालाही तयार होतात. लोकांनीच अजिंठ्याला फोनांचा असा मारा केला की काका वरात अर्ध्यावर सोडून एसटीनं परत आले, डोक्याला अजून फेटा होता. साळवेसाहेबांना शिफ्टच्या बसमधून उतरल्या उतरल्या मीटरच्या खोलीत आणलं. तीन किल्ल्या एकाच वेळी एका ठिकाणी जमल्या. त्या तिघांचेही चेहरे मला जरा उतरलेले वाटले, पण मी ते उन्हावर घातलं.

नईमभाई आले. त्यांनी दुसऱ्या डिस्कला हात लावला आणि झटकन काढला. “सर, ये भी जाने के मूड में है. नयी डिस्क डाल के बाकी दोनों से भरने गये तो रातभर की मेहनत पडती इसको. बीच में मर गयी तो मर गयी. पहले भरना या पहले देखना?”

“पहले देखना,” मी म्हणालो. आयुष्यात इतक्या ठामपणे मी हिंदी बोललेलो नाही.

माझ्या घरचा टीव्ही खाली पार्किंगमध्ये आणला. सतरंज्या पसरल्या. दोन्ही विंगा झाडून हजर होत्या. खरं तर प्रत्येकाला काही ना काही काम आठवत होतं, पण उठणारा माणूस संशयित ठरला असता म्हणून कोणी उठेना. मी रिमोट हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, “गेले दोन महिने माझ्याविषयी जे बोललं गेलं, त्याला उत्तर मी देणार नाही. उत्तर हे यंत्र देईल.” हे वाक्य मी आरशासमोर तयार केलं होतं.

यंत्रानं उत्तर दिलं. भर दुपारची गच्ची, उन्हात पांढरी पडलेली. जिन्याच्या दारातून रामकिसन काका आले, हातात पेट्रोलचा असतो तसला कॅन. इकडं तिकडं पाहिलं, सफाईच्या नळाखाली कॅन लावला. पार्किंगमध्ये एकच हशा उसळला. “पाटबंधारे! पाटबंधारे!” असं बी विंगचीच पोरं ओरडली. काका म्हणाले, “मी दाब तपासत होतो.” तेवढ्यात पडद्यावर द्वारकाबाई आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. हशा निम्मा झाला. मग रत्नमालाताई दोन बादल्या घेऊन. साळवेसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिले. मग ज्यांनी नक्कल नाकारली होती ते बी विंगचे सभासद, एकामागून एक, अगदी पाळीनं, एकमेकांची चाहूल लागली की थांबून. आता पार्किंगमध्ये कोणी हसत नव्हतं. पुढं पुढं मी नुसता एकेकाचा चेहरा पाहत होतो, टीव्हीतला आणि सतरंजीवरचा.

मग कालिंदी आली. तिच्या हातात आमची पितळी कळशी होती. तिनं ती आधी विसळली, ते विसळलेलं पाणीही वाया न घालवता टाकीच्या बुडाशी उगवलेल्या पिंपळाच्या रोपट्याला घातलं, आणि मग कळशी भरली.

माझा हात रिमोटवर होता, पण बटण सापडेना. मागं वळून पाहिलं तर कालिंदी पदराशी चाळा करत होती. “मला काय माहीत,” ती हळूच म्हणाली, “तुमच्या सोसायटीत तिघंजण एका वेळी एका ठिकाणी येतील म्हणून!”

तीन कुलपांचा ठराव इतक्या आनंदानं का मंजूर झाला होता, ते मला त्या क्षणी कळलं.

“बंद करा ते,” रामकिसन काका म्हणाले. “डोळ्यांना त्रास होतो.”

मग झालेली सभा ही नीलसरोवरच्या इतिहासातली सर्वांत शांत सभा. कोणी कोणाचं बोलणं तोडलं नाही. सर्व चित्रण कायमचं पुसून टाकावं, असा ठराव साळवेसाहेबांनी मांडला, बी विंगनं अनुमोदन दिलं. माझ्या निर्दोषपणाचा जगातला एकमेव पुरावा पुसायचा ठराव होता तो. मी कालिंदीकडे पाहिलं आणि हात वर केला.

पण लोकांचं एवढ्यानं समाधान होईना. ज्या गोष्टीसाठी आम्ही रेड पाच घेतलं तीच आता सगळ्यांना टोचू लागली. “तुम्हीच म्हणाला होतात, एकातलं गेलं तर बाकीच्या दोघी हिसाब करून परत काढतात!” “मग पुसलेलं परत येईल का?” “ती मेलेली डिस्क खरंच मेली का?” नईमभाईंनी सगळ्यांसमोर पुसलं. सगळ्यांनी पुन्हा पुसायला लावलं. द्वारकाबाई म्हणाल्या, “नवं पानी आलं की शिळं कसं तळापासून ओतून देतो, तसं ओता. खळखळून.” तिसऱ्यांदा पुसताना ती दुसरी डिस्कही गेली. नईमभाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “अब फातेहा पढने की भी जरूरत नहीं, सर.”

इतिवृत्तात मात्र टाकीतलं पाणी कुठं जातं याचं कारण लिहिणं भाग होतं. ते रामकिसन काकांनी अनुभवानं सुचवलं: बाष्पीभवन. आमच्या खात्यात धरणंच्या धरणं त्यात बसली आहेत, असं ते म्हणाले. एकमतानं मंजूर.

सतरंज्या गुंडाळताना मी साळवेसाहेबांना म्हणालो, “असो. पण निदान एवढं तरी झालं, की सगळ्यांनी पाहिलं, मी त्यात कुठंच नव्हतो.”

साळवेसाहेब थांबले. ते क्वालिटीचे आहेत. “तेच तर म्हणतोय आम्ही,” ते अगदी सौम्यपणे म्हणाले. “सगळ्या इमारतीतून एकटे तुम्हीच नव्हता. कॅमेऱ्याची जागा कोणी ठरवली होती, वालूरकर?”

द्वारकाबाई माझ्या शेजारून जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “जाऊ द्या हो. कुठनं घेत होता ते आता इचारत नाय कुनी. समदं मिटलं.”

मिटलं! मी घरी आलो. कालिंदीनं पान वाढलं, मी जेवलो नाही. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. अख्ख्या इमारतीत ज्यानं पाणी घेतलं नाही असा एकच माणूस होता आणि चोर ठरला होता तोच. म्हणजे ज्यांची चोरी दिसली त्या सगळ्यांची अब्रू शाबूत, आणि ज्याची दिसली नाही त्याची गेली ती गेली.

पुढचा टँकर आला त्या दिवशी दुपारी मी बादली उचलली. चोरून नाही, ताठ मानेनं. जिना चढलो, सफाईच्या नळाखाली बादली लावली, काठोकाठ भरली, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो, सगळ्यांचं जसं दिसलं तसं एकदाचं माझंही दिसावं म्हणून. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा विझलेला होता. दोन डिस्क मेल्यावर कपाटातली पेटीच बंद होती, तर दिवा लागणार कुठून.

मागं पावलं वाजली. जिन्याच्या दारात रामकिसन काका उभे होते, हातात कॅन. क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी कॅन हळूच पाठीमागं धरला, जिन्यात तोंड घातलं आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अहो, या! या लवकर! सेक्रेटरी सापडले! रंगेहाथ!”

दोन्ही विंगांची दारं उघडल्याचे आवाज आले. मी बादली खाली ठेवली नाही. ती काठोकाठ भरलेली होती, आणि हिंदकळून थोडं जरी सांडलं असतं तरी पाण्याच्या नासाडीचा वेगळा ठराव झाला असता.